संगणकीय आरेखनातील मापाचा उगम : कर्जत व खालापूर तालुक्यांतील भूखंड-आराखड्यांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : संगणकसाहाय्यित आरेखन, माप, टिपण, साखळी व आणे, ऑटोकॅड, भूमापन, कर्जत, खालापूर

प्रस्तावना

कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्यातील समुद्रकिनारा नसलेले, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुके होत. मुंबई-पुणे लोहमार्ग व जुना महामार्ग यांनी हा प्रदेश पूर्वीच दोन्ही महानगरांशी जोडला होता. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यानंतर येथील जमिनीच्या व्यवहारांना अधिकच गती आली. भातखाचरे आणि वरकस जमिनी यांचे लहान-लहान भूखंडांत विभाजन होऊ लागले. अशा प्रत्येक व्यवहारात खरेदीदाराच्या हाती एक ले-आउट प्लॅन पडतो. त्यावर भूखंडाच्या चारही बाजूंना दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंतची मापे छापलेली असतात. हा प्लॅन आज जवळजवळ नेहमी संगणकावर, बहुधा ऑटोकॅड या आज्ञावलीत, काढलेला असतो. रेषा सरळ, अक्षर स्वच्छ आणि आकडा सेंटिमीटरपर्यंत दिलेला, म्हणून तो आकडा जमिनीवर मोजूनच आला असला पाहिजे, असा वाचणाऱ्याचा सहज समज होतो.

प्रत्यक्षात संगणकीय आराखड्यावर दिसणारा ‘३०.१८’ हा आकडा निरनिराळ्या वाटांनी तेथे आलेला असू शकतो. कधी तो आज्ञावलीने रेषेची लांबी मोजून लिहिलेला असतो, तर कधी आरेखकाने कळफलकावरून टंकलेला. कधी तो गुणकाने गुणून दाखविलेला असतो आणि कधी दुसऱ्याच फाईलमधून आलेला. छापील प्रतीवर या सर्वांचे रूप एकच दिसते. त्यांतील कोणता आकडा कोठून आला हे शोधण्याची रीत काय, आणि आज्ञावलीत हा शोध जेथे संपतो त्याच्या पलीकडे काय असते, या दोन प्रश्नांची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे. अभियांत्रिकीखेरीज भूगोल, वाणिज्य, अर्थशास्त्र आणि विधी या विषयांच्या अध्यापकांसमोरही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून असे आराखडे येत असतात. त्यामुळे हा विषय केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

कागदावरील माप व संगणकातील माप

संगणकपूर्व काळात आरेखनफलकावर काढलेल्या आराखड्यात रेषा आणि आकडा या दोन स्वतंत्र गोष्टी होत्या. आरेखक प्रमाणपट्टीने रेषा काढी आणि तिच्यावर माप हाताने लिही. रेषा किंचित चुकली तरी लिहिलेले माप प्रमाण मानावे, आकृतीवर पट्टी लावून माप घेऊ नये, हा संकेत त्यातूनच रूढ झाला. भारतीय मानक संस्थेच्या ‘एसपी ४६’ या शाळा-महाविद्यालयांसाठीच्या आरेखन-संहितेत मापांचे प्रकार सांगितले आहेत. कार्यासाठी आवश्यक माप, कार्यासाठी अनावश्यक माप आणि केवळ माहितीसाठी दिलेले साहाय्यक माप असे हे तीन प्रकार होत. साहाय्यक माप कंसात लिहिण्याची पद्धत आहे. आकृतीच्या प्रमाणात नसलेल्या मापाखाली जाड रेघ ओढावी, असाही संकेत आहे. ही लहानशी रेघ फार महत्त्वाची होती. आकडा बदलला आहे पण रेषा बदललेली नाही, हे आरेखक त्या रेघेने जाहीरपणे कबूल करीत असे. संगणकाच्या आगमनानंतर ही रेघ व्यवहारातून जवळजवळ नाहीशी झाली, आणि तिच्याबरोबर ती कबुलीही गेली.

रेषा आणि माप यांचे नाते संगणकात बांधता येते, ही कल्पना इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी येथे सादर केलेल्या ‘स्केचपॅड’ या प्रबंधात प्रथम प्रत्यक्षात आणली. दोन रेषा समांतर राहाव्यात किंवा एक बाजू ठरावीक लांबीची असावी अशा अटी घातल्या, की आकृती स्वतःहून त्यांना जुळवून घेई. १९८२ च्या अखेरीस बाजारात आलेल्या ऑटोकॅडने मात्र आरंभी सोपी वाट धरली. तेथे रेषा आधी काढायची आणि मापाने तिची लांबी वाचायची. १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रो-इंजिनिअर आणि १९९५ मध्ये सॉलिडवर्क्स या आज्ञावलींनी सदरलँड यांची वाट पुन्हा उचलली. त्यांत माप आधी ठरते आणि आकृती मापामागून चालते.

या फरकावरून मापांचे दोन वर्ग पडतात. जे आकृतीला चालविते ते चालक माप, आणि जे आकृतीवरून वाचले जाते ते चालित माप. चालक माप बदलले तर वस्तू बदलते. चालित माप बदलायचे असल्यास वस्तूच बदलावी लागते. ऑटोकॅडच्या नेहमीच्या वापरातील माप हे चालित माप आहे. २०१० च्या आवृत्तीपासून त्यातही चालक मापांची सोय झाली असली, तरी भूखंडांच्या आराखड्यांत तिचा उपयोग क्वचितच केला जातो.

आज्ञावलीच्या आत मापाचा माग

समजा, कर्जत तालुक्यातील एका भूखंडाच्या कल्पित आराखड्यात पूर्वेकडील बाजूचे माप ३०.१८ मीटर असे दिले आहे. मूळ फाईल उपलब्ध आहे. माग काढण्याची पहिली पायरी म्हणजे ते माप निवडून त्याचा प्रॉपर्टीज तक्ता उघडणे. या तक्त्यात दोन नोंदी एकमेकींजवळ आढळतात. ‘मेझरमेंट’ या नोंदीत आज्ञावलीने प्रत्यक्ष मोजलेली लांबी असते आणि ‘टेक्स्ट ओव्हरराइड’ या नोंदीत आरेखकाने वरून टंकलेला मजकूर असतो. दुसरी नोंद रिकामी असेल तर दिसणारा आकडा मोजलेला आहे. तेथे ‘३०.१८’ असे लिहिलेले असेल तर तो टंकलेला आहे, मग खालची रेषा कितीही लांबीची असो. टंकलेल्या मजकुरात टोकदार कंसांची जोडी < > असेल तर तिच्या जागी मोजलेला आकडा येतो आणि भोवतीचे शब्द तेवढे आरेखकाचे असतात. आकडा वरून टंकला तरी खरी लांबी फाईलमधून पुसली जात नाही, ही या आज्ञावलीची मोठी सोय होय. ओव्हरराइडची नोंद रिकामी केली की मोजलेला आकडा परत येतो. शेकडो मापे असलेल्या आराखड्यात क्विक सिलेक्टच्या साहाय्याने केवळ टंकलेली मापे वेगळी काढता येतात. कोणत्याही आराखड्याच्या परीक्षणाचा आरंभ येथूनच व्हावा.

दुसरी पायरी गुणकाची. मापाच्या शैलीत लांबीला गुणणारा एक अंक ठरविता येतो आणि त्याची नोंद ‘डिम-एल-फॅक’ या चलात असते. फुटांत काढलेल्या आराखड्यावर मीटरमधील मापे दाखवायची असल्यास तेथे ०.३०४८ असते. हा गुणक मापागणिक वेगळा ठेवता येतो. त्यामुळे एकाच पानावर एक माप फुटांचे मीटर करून व शेजारचे तसेच, असा घोळ संभवतो. त्याबरोबरच पूर्णांकनाचे चलही तपासावे लागते. ते ०.०५ ठेवले असेल तर ३०.१८ हा आकडा ३०.२० असा दिसेल आणि सगळीच मापे अवाजवी नीटनेटकी वाटू लागतील.

तिसरी पायरी म्हणजे माप कोणत्या बिंदूंना धरून आहे ते पाहणे. प्रत्येक मापाला दोन व्याख्याबिंदू असतात आणि ते ‘डेफपॉइंट्स’ नावाच्या स्तरावर आपोआप ठेवले जातात. २००२ च्या आवृत्तीपासून माप हे रेषेच्या टोकांशी खऱ्या अर्थाने जोडता येऊ लागले. हे नाते ‘डिम-असॉक’ या चलावर अवलंबून असते. त्याचे मूल्य २ असेल तर रेषा हलली की मापही हलते. मूल्य १ असेल तर माप आपल्या व्याख्याबिंदूंनाच धरून राहते आणि भूखंडाची हद्द सरकविल्यावर ते जुन्याच जागी जुनाच आकडा दाखवीत उभे असते. मूल्य ० असेल, अथवा कोणी माप ‘एक्स्प्लोड’ केले असेल, तर ते माप उरतच नाही. काही रेषा, दोन बाण आणि एक मजकूर एवढेच शिल्लक राहते. अशा मजकुराचा उगम फाईलमध्ये शोधता येत नाही.

माप मॉडेलमध्ये आहे की छपाईच्या पानावर, हेही पाहावे लागते. १:५०० प्रमाणाच्या चौकटीवर, जोडणी नसलेले माप पानावरच टाकले तर ३० मीटरची बाजू ६० मिलिमीटर भरते. आरेखकाला ते विचित्र दिसते, म्हणून तो वरून ‘३०.००’ टंकून मोकळा होतो. टंकलेल्या अनेक मापांमागे लबाडी नसते, अशी घाई असते. याखेरीज आकृती ब्लॉक म्हणून किंवा बाह्य संदर्भ म्हणून दुसऱ्या फाईलमधून आणलेली असू शकते. आणताना एककांची नोंद जुळली नाही तर ती ३०४.८ पट, २५.४ पट किंवा ३.२८ पट होते. एवढी मोठी चूक लगेच दिसते. मात्र तीच चूक नजरेने ‘जुळवून’ घेतल्यावर जी दोन-तीन टक्क्यांची तफावत उरते, ती दिसत नाही.

यंत्रभागांच्या आरेखनात हा माग बराच सुकर होतो. खोपोलीसारख्या औद्योगिक गावातील एखाद्या कारखान्यात सॉलिडवर्क्समध्ये काढलेल्या आराखड्यावरील प्रत्येक मापाला पूर्ण नाव असते. मापाचा क्रमांक, ते ज्या स्केचमध्ये जन्मले त्याचे नाव आणि ज्या भागाचे आहे त्याचे नाव, हे सर्व @ या चिन्हाने जोडलेले असते. मॉडेलमधून आणलेले माप चालक असते, तर आराखड्यावर नंतर टाकलेले माप केवळ वाचन असते. दोन्हींचा रंगही सामान्यतः वेगळा असतो. अभिकल्पकाने दांड्याचा व्यास ४० मिलिमीटर ठरविला, एवढेच त्या मापाचे मूळ होय. अभिकल्पकाचा निर्णय हाच उगम असल्यामुळे शोध फाईलमध्येच पुरा होतो.

जमिनीचे तसे नाही. भूखंड कोणी अभिकल्पित केलेला नसतो. तो आधीपासून तेथे असतो. ‘मेझरमेंट’ या नोंदीतील लांबी ही संगणकातील रेषेची लांबी असते, जमिनीची नव्हे. रेषेची टोके कोठून आली हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आज्ञावलीजवळ नाही.

आकड्यांच्या अंगावरील खुणा

येथे स्वतः आकडाच थोडी मदत करतो. नेरळ स्थानकात दोन लोहमार्ग एकत्र येतात. मुख्य मार्गाच्या रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर आहे आणि १९०७ पासून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीच्या रुळांतील अंतर ६१० मिलिमीटर आहे. मेट्रिक पद्धतीत विचार करणारा कोणीही अभियंता १६७६ हा आकडा आपणहून निवडणार नाही. साडेपाच फुटांना ३०४.८ ने गुणले की १६७६.४ येतात, आणि दोन फुटांना गुणले की ६०९.६. आकडे मिलिमीटरचे असले तरी निर्णय फुटांचा होता, हे त्यांच्या अवघडलेपणावरूनच कळते.

भूखंडांच्या मापांतही अशा खुणा आढळतात. मुंबई इलाख्याच्या भूमापनात ३३ फुटांची साखळी वापरली जाई. तिचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. ३३ फूट म्हणजे १०.०६ मीटर. एखाद्या प्लॅनवर १०.०६, २०.१२, ३०.१८, ४०.२३ असे आकडे दिसू लागले तर त्यांचे मूळ साखळीत आहे, असे समजण्यास जागा असते. वरील कल्पित उदाहरणातील ३०.१८ हा आकडा म्हणजे नेमक्या तीन साखळ्या, ९९ फूट होत. ज्या आराखड्यातील सर्व बाजू १५.००, २०.००, ३०.०० अशा पूर्ण आहेत, तो आराखडा बहुधा टेबलावर आखलेला असतो. तेथे भूखंड आधी कागदावर पडले आणि जमिनीवर नंतर उतरले, किंवा उतरलेच नाहीत.

अतिशय नेमके दिसणारे मापही आज्ञेतून आलेले असू शकते. केंद्र शासनाने फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान व सभोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला आणि त्याभोवती २०० मीटरचा संरक्षक पट्टा ठेवला. ऑटोकॅडमध्ये हा पट्टा ‘ऑफसेट’ या आज्ञेने क्षणात काढता येतो आणि त्याचे माप कोठेही घेतले तरी २००.०० असेच येते. हा आकडा बिनचूक आहे, कारण तो मागितलेलाच होता. पट्ट्याची बाहेरची कड जमिनीवर कोठे पडेल हे मात्र आतली मूळ रेषा कोणत्या नकाशावरून आणि किती काळजीने गिरविली यावर ठरते. मूळ रेषा १५ मीटर सरकलेली असेल तर बाहेरची कडही १५ मीटर सरकते आणि मधले माप तरीही २००.०० राहते. एखादे शेतघर पट्ट्याच्या आत की बाहेर, हा प्रश्न या १५ मीटरांत सापडू शकतो.

एक खूण अलीकडची आहे. आंतरजालावरील उपग्रहचित्रांवरून हद्द गिरवून ती ऑटोकॅडमध्ये आणण्याची सवय आता सर्वत्र दिसते. या चित्रांसाठी बहुधा वेब मर्केटर हे प्रक्षेपण वापरलेले असते. विषुववृत्तापासून दूर जावे तशी त्यात लांबी फुगत जाते. कर्जत-खालापूर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे. तेथे ही वाढ लांबीत सुमारे सहा टक्के आणि क्षेत्रफळात सुमारे बारा टक्के होते. प्रक्षेपण न बदलता रेषा तशाच आणल्या तर ४० गुंठ्यांची जमीन जवळजवळ ४५ गुंठे भरते. आराखड्यातील मापे आणि अभिलेखातील मापे यांत सर्व बाजूंना सारखाच सहा टक्क्यांचा फरक आढळला तर प्रथम हा संशय घ्यावा.

फाईलच्या पलीकडे : टिपण, साखळी आणि आणे

मुंबई इलाख्यातील रयतवारी भूमापनाची पद्धत गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात सुरू केली आणि पुढे ती इलाखाभर पसरली. कर्जत तालुका त्या शतकात ठाणे जिल्ह्यात होता. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये त्याचे वर्णन ठाण्याच्या खंडात सापडते. पुढे तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. जुने कागद शोधणाऱ्या संशोधकाने हा प्रवास ध्यानात ठेवणे हिताचे आहे.

या मोजणीतील मूळ कागद म्हणजे टिपण. शेताच्या आत एक आधाररेषा धरून तिच्यापासून दोन्ही बाजूंना हद्दीच्या वळणांपर्यंत काटकोनात अंतरे मोजीत आणि ती साखळ्या व आणे यांत लिहीत. टिपण प्रमाणात काढलेले नसते. ते हाताने काढलेले रेखाचित्र असून त्याचे सारे मोल त्यावर लिहिलेल्या आकड्यांत असते. प्रमाणबद्ध नकाशा या आकड्यांवरून नंतर तयार होतो. म्हणजे जमिनीच्या बाबतीत माप आधी आणि आकृती मागाहून, असा क्रम दीडशे वर्षांपूर्वीच होता. टिपणातील माप हे सदरलँड यांच्या अर्थाने चालक माप होय.

आता कल्पित उदाहरणाकडे वळू. समजा, प्रॉपर्टीज तक्त्यात त्या पूर्व बाजूचे मोजलेले माप २९.७४ मीटर निघाले आणि ३०.१८ हा आकडा वरून टंकलेला आढळला. आज्ञावलीच्या नियमाने पाहता टंकलेला आकडा खोटा व मोजलेला खरा, असा निष्कर्ष कोणीही काढील. पण ती रेषा एका जुन्या नकाशाच्या स्कॅनवरून गिरविलेली आहे, नकाशाचा कागद आटलेला आहे आणि आरेखकाने टिपण समोर ठेवून तीन साखळ्यांचे ३०.१८ मीटर वरून लिहिले आहेत, असे समजल्यास चित्र पालटते. मोजलेला आकडा आटलेल्या कागदाचा आहे आणि टंकलेला आकडा जमिनीवर ताणलेल्या साखळीचा. येथे टंकलेलेच माप उगमाच्या अधिक जवळ आहे. आरेखकाचा दोष एवढाच, की त्याने त्याखाली रेघ ओढली नाही आणि स्रोत लिहिला नाही. टेक्स्ट ओव्हरराइड दिसताच आराखडा बाद ठरविणारे परीक्षक या शक्यतेचा विचार करीत नाहीत, हे योग्य नव्हे.

तफावत लहान असली तरी तिची किंमत मोठी असते. लांबीत एक टक्का फरक पडला की क्षेत्रात दोन टक्के पडतो. एका एकरावर हा फरक सुमारे ८७५ चौरस फूट होतो. व्यवहारात गुंठा आणि आर एकच मानण्याची सवयही अशीच महाग पडते. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आणि आर १०० चौरस मीटरचा आहे. एकराला ४० आर धरले तर ४६.८६ चौरस मीटर, म्हणजे ५०० चौरस फुटांहून थोडी अधिक जमीन हिशेबातून गळते. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र असते, बाजूंची मापे नसतात. त्यामुळे उताऱ्यातील क्षेत्र जुळावे म्हणून बाजू ‘बसविण्याचा’ मोह आरेखकाला होतो. क्षेत्र हा मापांचा परिणाम असताना त्याच्यावरून मापे घडविली जातात, आणि मग सर्व बेरजा जुळतात.

टिपण वाचतानाही चूक होते. ७ साखळ्या ५ आणे हे माप ७-५ असे लिहिलेले असेल आणि दशमान पद्धतीत वाढलेल्या आरेखकाने ते साडेसात साखळ्या असे वाचले, तर २४१.३१ फुटांच्या जागी २४७.५ फूट होतात. सहा फुटांहून अधिक जमीन केवळ वाचनात वाढते. पाच आणे म्हणजे ०.३१२५ साखळी, हे आज शिकविले जात नाही. आणे-पैचे चलन १९५७ मध्ये दशमान झाले आणि मापांच्या दशमानीकरणाचा कायदा १९५६ चा आहे. त्यानंतरच्या पिढ्यांना सोळाचा हिशेब अंगवळणी नसणे स्वाभाविक आहे. पण मूळ अभिलेख सोळाच्याच हिशेबात आहेत.

कर्जत-खालापुरात याला उताराची जोड मिळते. नदीकाठची भातखाचरे सपाट असतात. तेथे साखळी आडवी राहते आणि माप विश्वसनीय येते. वरकस जमीन डोंगरउतारावर असते. नकाशात आडवे अंतर हवे असते, त्यासाठी साखळी पायरी-पायरीने आडवी धरावी लागते. ती उतारावर तशीच टाकली तर १५ अंशांच्या चढावर दहा साखळ्यांत, म्हणजे ३३० फुटांत, ११ फुटांची वाढ होते. आजच्या यंत्रांनी ही अडचण दूर केली असली तरी ती निराळ्या वेशात परत येऊ शकते. टोटल स्टेशनने नोंदलेल्या बिंदूंना उंचीही असते, आणि ऑटोकॅडमधील ‘डिस्ट’ ही आज्ञा उंचीतील फरक धरून अंतर सांगते. त्या आज्ञेने आलेले अंतर पाहून कोणी प्लॅनवर माप टंकले तर ते उताराचे माप होय.

टोटल स्टेशन व उपग्रहाधारित रोव्हर यांतून येणारे माप साखळीहून कितीतरी सूक्ष्म असते, यात शंका नाही. रोव्हरचे सहनिर्देशक बहुधा यूटीएम प्रक्षेपणात मांडले जातात आणि त्यातही लांबीला एक गुणक लागतो. ७५ अंश पूर्व रेखांशावर तो ०.९९९६ आहे, म्हणजे किलोमीटरमागे ४० सेंटिमीटरची घट. कर्जत ७३ अंश २० मिनिटांच्या आसपास असल्याने येथे हा गुणक जवळजवळ एक होतो आणि फरक किलोमीटरमागे एक-दोन सेंटिमीटरच उरतो. हा भौगोलिक योगायोग येथील आरेखकांच्या पथ्यावर पडला आहे. याच्या उलट, बिंदूंची यादी आणताना उत्तर व पूर्व या रकान्यांची अदलाबदल झाली तर आकृती आरशातल्यासारखी उलटी होते. तिच्या सर्व बाजू व क्षेत्र अचूक राहतात. ही चूक कोणत्याही मापावरून सापडत नाही. शेजारचा ओढा किंवा रस्ता कोणत्या बाजूस आहे, हे जागेवर जाऊनच पाहावे लागते.

नवे माप सूक्ष्म असले तरी ते आजच्या बांधाचे असते. जुनी हद्द बांधाशी जुळते की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातील भूकरमापक जेव्हा हद्द कायम करण्याची मोजणी करतो, तेव्हा तो वहिवाट आणि मूळ अभिलेख या दोहोंची सांगड घालून नकाशा तयार करतो. मोजणीची ‘क’ प्रत म्हणून जो नकाशा अर्जदाराला मिळतो, त्यात हा मेळ असतो. खाजगी आरेखकाच्या फाईलमध्ये रेषा अशा ‘क’ प्रतीवरून आली, टिपणावरून आली, आंतरजालावरील चित्रावरून आली की रोव्हरच्या यादीवरून, हे समजल्याशिवाय तिच्या मापाविषयी काही बोलणे कठीण आहे.

अध्यापनात करावयाचा बदल

महाविद्यालयीन प्रकल्पांत आराखड्याला गुण देताना नीटनेटकेपणा, शीर्षक-चौकट, प्रमाण आणि उत्तर दिशा पाहिली जाते. मापांचा स्रोत विचारला जात नाही. शीर्षक-चौकटीत स्रोताचा एक रकाना वाढविणे अवघड नाही. त्यात माप जागेवर मोजलेले, ‘क’ प्रतीवरून घेतलेले, टिपणावरून रूपांतरित, स्कॅनवरून गिरविलेले किंवा केवळ प्रस्तावित, यांपैकी काय आहे ते सांकेतिक अक्षराने लिहिता येईल. एकाच आराखड्यात दोन-तीन स्रोत असतील तर त्यांचे स्तर वेगळे ठेवावेत. वरून टंकलेल्या मापाखाली जाड रेघ ओढण्याचा जुना संकेत ऑटोकॅडमध्येही पाळता येतो. मापाच्या मजकुरात अधोरेखनाचे चिन्ह टाकले की पुरे.

रूपांतरित मापाशेजारी मूळ साखळ्या-आणे कंसात द्यावेत, कारण १०.०६ वरून ३३ फूट ओळखता येतात, पण पूर्णांकनानंतर १०.१ वरून ओळखता येत नाहीत. प्रकल्पाबरोबर मूळ फाईलही मागवून घ्यावी. पीडीएफ किंवा छापील प्रत हाती आली की मेझरमेंट, ओव्हरराइड, गुणक व व्याख्याबिंदू या सर्व नोंदी नाहीशा होतात आणि प्रत्येक माप ‘एक्स्प्लोड’ केलेल्या मापाच्याच पंक्तीला जाऊन बसते. जमीन घेणाऱ्याच्या हाती मात्र तेवढीच छापील प्रत असते. त्याने ले-आउटच्या प्रतीबरोबर मोजणीची ‘क’ प्रत मागितली, तर ३०.१८ या आकड्याचा जुळा त्याला निदान त्या एका कागदावर शोधता येतो.